तुम्ही विचारलंत म्हणून: सायकॉलॉजी आणि मार्केटिंग एकत्र का घेतलं

"एकाने माणसं बरी करायची आणि दुसऱ्याने त्यांनाच गंडवायचं, हे एकाच डिग्रीत कसं काय?" हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की आता तोंडी उत्तर द्यायचं त्राण उरलेलं नाही. आत्याने विचारलं, सायकॉलॉजीच्या वर्गातल्या मुलींनी विचारलं, मार्केटिंगच्या वर्गात वेगळ्या सुरात विचारतात, आणि आता ज्युनियर्स विचारतायत कारण त्यांना मेजर-मायनर, म्हणजे मुख्य आणि जोडीचा विषय, निवडायचंय. नवीन शैक्षणिक धोरण, क्रेडिट्स, हे सगळं तुम्हाला माहितीच आहे, ते सोडून देते. मेजर सायकॉलॉजी, मायनर मार्केटिंग, पुण्यातलं एक स्वायत्त कॉलेज, बस.

पहिली गोष्ट, विकणं म्हणजे गंडवणं हे निदान माझ्यासमोर बोलू नका. माझे बाबा कराडला एलआयसीचे एजंट आहेत. मी लहानपणापासून बघतेय, ज्या घरात त्यांनी पॉलिसी दिली त्या घरातलं माणूस गेलं की दिवस व्हायच्या आत बाबा तिथे जाऊन बसतात, मृत्यूचा दाखला काढला का, नॉमिनीचं पासबुक कुठंय, मूळ पॉलिसी सापडत नसेल तर काय करायचं, सगळं स्वतः बघतात, फॉर्मही स्वतःच भरून देतात कारण त्या बाईला त्या वेळी काही सुचत नसतं. हेसुद्धा मार्केटिंगच आहे, त्यातूनच त्यांना पुढची गिऱ्हाइकं मिळतात आणि ते हे लपवत नाहीत.

पण हेही सांगते की बाबा पॉलिसी विकताना भीतीच दाखवतात. "उद्या काही बरंवाईट झालं तर पोरांनी कुणाच्या तोंडाकडे बघायचं" हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय, आणि ते ऐकून समोरच्याचा चेहरा कसा बदलतो तेही पाहिलंय. दुसऱ्या वर्षाला लॉस अव्हर्जन शिकवलं, म्हणजे मिळण्याच्या आनंदापेक्षा गमावण्याची भीती माणसाला जास्त हलवते, कानमन आणि ट्वर्स्की यांचा 1979 चा पेपर, तेव्हा मला वर्गात बसल्या बसल्या बाबांचा आवाज ऐकू येत होता. तेव्हा असं समजू नका की मला घाण दिसत नाही आणि मी नुसती वकिली करतेय.

दोन्ही वर्गात रोज बसलं की लक्षात येतं की हे दोन विषय मुळात कधी वेगळे नव्हतेच. मॅस्लोचा माणसाच्या गरजांचा पिरॅमिड दोन्ही पुस्तकांत आहे, तीच आकृती, तेच पाच थर, आणि मॅस्लोने तो पिरॅमिड स्वतः काढलेलाच नाही, तो नंतर मॅनेजमेंटवाल्यांनी काढला आणि आता सायकॉलॉजीच्या पेपरमध्ये त्याचेच मार्क मिळतात. मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसनचं त्याहून भारी. सायकॉलॉजीत आम्हाला त्यांचा बिहेवियरिझम, म्हणजे मनापेक्षा दिसणारं वागणं अभ्यासायचं, आणि एका बाळाला घाबरायला शिकवण्याचा लिटल अल्बर्टचा प्रयोग, 1920, एवढं शिकवून धडा संपला. त्याच वर्षी त्यांना जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ सोडावं लागलं आणि पुढे ते जे. वॉल्टर थॉम्पसन या जाहिरात कंपनीत गेले, तिथे व्हाइस प्रेसिडेंट झाले, हे मला मार्केटिंगच्या सरांकडून कळलं. एकच माणूस, अर्धा या वर्गात आणि अर्धा त्या. ज्या मुली मला "तू सायकॉलॉजी विकायला काढलीस" म्हणतात त्यांनी वॉटसनवर दहा मार्कांचं उत्तर लिहिलेलं असतं.

फरक आहे, पण तो तुम्ही समजता तिथे नाही. जॅमचा प्रयोग घ्या. शीना अय्यंगार आणि मार्क लेपर, 2000 सालचा पेपर, कॅलिफोर्नियातल्या एका दुकानात एकदा 24 प्रकारचे जॅम मांडले आणि एकदा 6. 24 च्या टेबलाशी थांबलेल्यांपैकी 3 टक्के लोकांनी जॅम विकत घेतला, 6 च्या टेबलाशी थांबलेल्यांपैकी 30 टक्के. मार्केटिंगच्या वर्गात हे सिद्ध झाल्यासारखं शिकवतात, पर्याय कमी ठेवा, विक्री वाढेल. सायकॉलॉजीच्या मॅडमनी पुढचं सांगितलं, की 2010 मध्ये अशा 50 प्रयोगांचा एकत्र हिशोब केला तर सरासरी परिणाम जवळजवळ शून्य निघाला. मी ते मार्केटिंगच्या सरांना जाऊन सांगितलं तर सर चिडले वगैरे नाहीत, म्हणाले बरोबर असेल, मग आपल्या दुकानात आपण करून बघायचं, आपल्या गिऱ्हाइकावर काय चालतं ते महत्त्वाचं. मला दोघंही पटले आणि अजून पटतात. एकीकडे खरं आहे का असं विचारायची सवय लागते, दुसरीकडे करून बघायची, आणि मला या दोन्ही सवयी हव्या होत्या. पहिल्या वर्षाला कुणी विचारलं असतं तर मी इथेच थांबले असते.

आता ती ओजेटीची गोष्ट, जी अर्धवट ऐकून तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी मला हा प्रश्न पुन्हा नव्याने विचारला.

तिसऱ्या वर्षाला ऑन जॉब ट्रेनिंगला मी एका मेंटल हेल्थ ॲपच्या कंपनीत गेले. नाव सांगणार नाही, विचारूही नका. समुपदेशनाची सेशन्स विकणारं ॲप, म्हणजे माझे दोन्ही विषय एका छपराखाली. ॲपवर एक टेस्ट होती, 'तुम्हाला डिप्रेशन आहे का, दोन मिनिटांत ओळखा'. प्रश्न बघताक्षणी ओळखू आले, पीएचक्यू-9 या डिप्रेशनच्या प्रश्नावलीचे. गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी होती, भूक कशी होती, असे नऊ प्रश्न, प्रत्येकाला 0 ते 3 गुण, एकूण 27. हे फक्त चाळणीसाठी असतं, यावरून निदान करायचं नसतं, हे आम्हाला वर्गात बजावून सांगितलेलं. आणि ॲपवर नऊ नव्हते, आठच होते. नववा, स्वतःला इजा करण्याचे किंवा मरणाचे विचार येतात का हा, काढलेला होता. टेस्ट अर्ध्यात बंद करायला गेलं की बटणावर लिहिलेलं यायचं, "नाही, मला स्वतःची काळजी घ्यायची नाही". आणि टेस्ट देऊन सेशन बुक न करणाऱ्यांना रात्री उशिरा एक नोटिफिकेशन जायचं, "अजून जागी आहेस?" सगळ्या नोटिफिकेशन्समध्ये सगळ्यात जास्त उघडलं जाणारं तेच होतं. मी जायच्या आधीपासून ते चालू होतं आणि टीमला त्याचा अभिमान होता.

माझं काम होतं आलेले रिप्लाय वाचून शीटमध्ये खुणा करायचं. फीडबॅक, तक्रार, पैसे परत, इतर. एके सकाळी दहाच्या सुमाराला बसले आणि रात्री दोनच्या पुढचा एक रिप्लाय होता. "हो जागीच आहे. रोजच असते. कोण आहे तिकडे?"

मी त्या चार रकान्यांकडे बघत राहिले. ते 'इतर'मध्ये जाणार होतं. तिने विचारलं होतं कोण आहे तिकडे, आणि तिकडे कुणीच नव्हतं, एक ठरलेल्या वेळेला सुटणारा मेसेज होता. तो आठ तास आधीचा प्रश्न होता आणि तो वाचणारी पहिली व्यक्ती मी, जिला कुणालाही फोन करायची परवानगी नव्हती.

मी उठून टीम लीडकडे गेले. माणूस वाईट नाही, हे मी मुद्दाम लिहितेय. त्याने लगेच क्लिनिकल टीमला कळवलं, त्यांनी दुपारी मेल केला, मेसेज केला, तोपर्यंत तिने ॲप काढून टाकलेलं होतं. पुढे काय झालं मला माहीत नाही. कळायचा मार्गच नव्हता. बऱ्याच रात्री मी स्वतःला समजावलं की तिने वैतागून ॲप काढलं असेल आणि झोपली असेल, शक्यता तीच जास्त आहे, आणि तरी सकाळी उठल्यावर पहिला विचार तोच यायचा.

त्या आठवड्याच्या मीटिंगमध्ये मी तीन गोष्टी मागितल्या. बटण बदला, नववा प्रश्न परत आणा आणि सोबत टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर द्या, आणि रात्रीचं नोटिफिकेशन बंद करा. बटण त्याच संध्याकाळी बदललं, कारण मी सोबत केंद्र सरकारच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या 30 नोव्हेंबर 2023 च्या गाइडलाइन्स नेल्या होत्या, त्यात 13 डार्क पॅटर्न्स, म्हणजे ॲप-वेबसाइटवर गिऱ्हाइकाला फसवायच्या क्लृप्त्या, दिलेत आणि माणसाला लाजवून हो म्हणायला लावणं, कन्फर्म शेमिंग, त्यातला एक आहे. हे मला मार्केटिंगच्या मायनरमुळे माहीत होतं, कृपया याची नोंद घ्या. नुसती सायकॉलॉजी शिकलेली असते तर मी फक्त "हे बरोबर वाटत नाही" एवढंच म्हणू शकले असते आणि ते कुणी ऐकलं नसतं.

नवव्या प्रश्नावर मात्र मला गप्प बसावं लागलं. त्यांच्या क्लिनिकल मॅडम म्हणाल्या, पीएचक्यू-8 नावाचं अधिकृत रूप आहे, संशोधनात वापरतात, आणि ते याचसाठी आहे की जिथे उत्तर आल्यावर लगेच हात द्यायला कुणी नसतं तिथे तो प्रश्न विचारू नये. मी कॉलेजात येऊन आमच्या मॅडमना विचारलं, त्या म्हणाल्या हो, बरोबर आहे. म्हणजे जी गोष्ट मी मार्केटिंगची लबाडी समजत होते तिची सोय माझ्या मेजर विषयाने करून ठेवलेली होती. मूळ पीएचक्यू-9 तरी काय, फायझर या औषध कंपनीच्या अनुदानातून तयार झालेलं आहे, फॉर्मच्या खाली तसं छापलेलं असतं आणि ही कंपनी डिप्रेशनवरची गोळी विकत होती. म्हणून प्रश्न खोटे ठरत नाहीत, ते चांगलेच आहेत, जगभर वापरतात. पण सोवळं कुठल्या विषयात आहे ते मला दाखवा.

टेलि-मानसचा नंबर, 14416, रिझल्टच्या पानावर टाकला, तळाशी, लहान अक्षरात. तो 2022 पासून चालू आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे. कंपनीचा आक्षेप असा होता की आपल्याच पानावरून आपण माणूस बाहेर पाठवतोय. आणि रात्रीचं नोटिफिकेशन बंद नाही केलं. त्याला रिप्लाय देता येणार नाही अशी सोय केली. शीटमधला तो प्रकारच संपला.

"मग सोडून का नाही आलीस?" हे विचारणारेही आहेत. सोडलं असतं तर तो तळाचा नंबर लागला नसता. आणि क्रेडिट्स हवे होते, तेही खरं. दोन्ही कारणं आहेत, कुठलं मोठं ते मला ठरवता येत नाही.

तेव्हापासून मला एक गोष्ट सारखी छळते. सायकॉलॉजीच्या प्रॅक्टिकलला साधा मुलर-लायर हा दृष्टिभ्रमाचा प्रयोग करायचा, दोन रेघांतली मोठी कुठली एवढंच विचारायचं, तरी आधी समोरच्याची संमती घ्या, कधीही उठून जाऊ शकता असं सांगा, नंतर काय केलं ते समजावून सांगा, नाहीतर जर्नलवर सही मिळत नाही. आणि तिथे रोज हजारो लोकांवर दोन प्रकारच्या ओळी सोडून बघत होते, झोप न येणाऱ्या लोकांवर, आणि त्याला एबी टेस्ट म्हणतात. फेसबुकने 2012 च्या जानेवारीत 6,89,003 लोकांवर प्रयोग केला, काहींच्या फीडमधल्या आनंदी तर काहींच्या दुःखी पोस्ट कमी करून त्यांच्या मूडवर काय होतं ते पाहिलं, 2014 मध्ये पेपर आला, तेव्हा आरडाओरडा झाला कारण ते विज्ञानाच्या जर्नलमध्ये छापलं होतं. छापलं नसतं तर ते नेहमीचं काम होतं.

ॲडमिशनच्या वेळी मी फॉर्ममध्ये लिहिलं होतं की मला मार्केटिंगमध्ये माणुसकी आणायचीय, आणि त्यासाठी सायकॉलॉजी. ते लिहिणाऱ्या मुलीशी, म्हणजे तेव्हाच्या माझ्याशी, माझं आता भांडण आहे. तिला वाटायचं सायकॉलॉजी शिकली की माणुसकी आपोआप येते. ती ओळ "अजून जागी आहेस?" कुणीतरी माणसाचं मन नीट समजूनच लिहिलेली होती, एकटेपणा किती वाजता सगळ्यात जास्त टोचतो हे माहीत असलेल्याने. पण ती मुलगी मला उलट विचारते की मग बाबांचं काय, तेही भीतीच दाखवतात ना. मी तिला सांगते की बाबा नंतर त्या घरी जातात. त्यांचा नंबर त्या घरच्या कॅलेंडरवर लिहिलेला असतो आणि ते रात्री दोनलाही फोन उचलतात. यावर ती म्हणते, आणि ज्यांनी पॉलिसी घेतली नाही त्यांच्या घरी? त्यांना पण भीती दाखवलीच होती. याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि बाबांना मी हे विचारलेलं नाही.

तर ज्युनियर्स, घ्या किंवा नका घेऊ, पण "ते फसवायला शिकवतात" म्हणून नको म्हणत असाल तर ते कारण चुकीचं आहे. आणि "सायकॉलॉजी घेतली की मार्केटिंगमध्ये पुढे जाता येतं" म्हणून घेत असाल तर जरा थांबा, कारण तेही होतं, खरंच पुढे जाता येतं, आणि तेव्हा समोर ते चार रकाने असतात.

मी चौथं वर्ष करतेय. रिसर्च प्रोजेक्टला हाच विषय टाकलाय, अशा टेस्टच्या सुरुवातीलाच "उत्तरं वाचायला इथे आत्ता कुणी नाही" असं स्पष्ट लिहिलं आणि 14416 वरती ठळक दिला तर लोक टेस्ट सोडून जातात का. कंपनीचं म्हणणं होतं जातात. मला वाटतं तितके जात नाहीत, पण जातही असतील, आणि तसं निघालं तर तेच लिहावं लागेल. मॅडम म्हणतात एथिक्स कमिटी खूप प्रश्न विचारेल, विचारू दे. मार्केटिंगच्या सरांना को-गाइड व्हाल का असं अजून विचारायचंय, ते सोमवारी भेटतात.