आधी रिलेचं भोक बुजवा, डीलिस्टचा फॉर्म नंतर

मेल सर्व्हर ब्लॅकलिस्टमध्ये (स्पॅम पाठवणाऱ्या पत्त्यांच्या यादीत) गेला की पहिला हात डीलिस्टच्या, म्हणजे यादीतून काढण्याच्या, फॉर्मकडे जातो. ही घाई अंगाशी येते. रिलेचं भोक, म्हणजे कुणाही परक्याला तुमच्या सर्व्हरमार्फत मेल पाठवू देणारी वाट, उघडंच राहिलं तर आयपी पुन्हा यादीत जातो.

आधी नोंद कसली आहे ते बघा. अशा याद्या ठेवणाऱ्या स्पॅमहॉस संस्थेला डीएनएसवर (नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेवर) आयपी उलटा लिहून विचारायचं: २०३.०.११३.२५ साठी २५.११३.०.२०३.झेन.स्पॅमहॉस.ऑर्ग. उत्तर १२७.०.०.४ आलं तर मशीनचा गैरवापर होतोय. शेवटी १० किंवा ११ असेल तर ती पीबीएल, स्पॅमहॉसचीच वेगळी यादी. या रेंजमधून थेट मेल पाठवू नये, एवढंच तिचं म्हणणं. गूगलच्या ८.८.८.८ या सार्वजनिक डीएनएसवरून विचारू नका. तिथे १२७.२५५.२५५.२५४ मिळतं, ती एरर आहे, नोंद नव्हे.

मग बाहेर जाणाऱ्या मेलची रांग थांबवा: पोस्टफिक्स या मेल सॉफ्टवेअरच्या पोस्टसुपर कमांडने सगळे मेल होल्डवर टाका आणि लॉग उघडा. स्पॅमच्या ओळीत सास्ल-युजरनेम (लॉगिन करून पाठवणाऱ्याचं नाव) दिसलं तर कुणाचा तरी पासवर्ड फुटलाय, तो बदला. युजरनेम नसून क्लायंट म्हणून १७२.१७.०.१ दिसत असेल, तर दोष तुमच्या डॉकरचा, म्हणजे प्रोग्रॅम वेगळ्या कप्प्यात (कंटेनरमध्ये) चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा.

हे नीट समजून घ्यायला हवं, कारण सेंडमेल या जुन्या मेल सॉफ्टवेअरने १९९८ मध्ये, ८.९ आवृत्तीपासून, रिले मुळातच बंद ठेवायला सुरुवात केली. आज ओपन रिले होतो तो बहुतेकदा आपल्याच कॉन्फिगमुळे. समजा होस्टला (मूळ मशीनला) आयपीव्ही६ आहे, कंटेनरला नाही. अशा वेळी बाहेरून आयपीव्ही६ वर आलेलं कनेक्शन डॉकरचा प्रॉक्सी स्वतःच्या नावाने आत देतो. पोस्टफिक्सला दिसतो फक्त डॉकरच्या गेटवेचा पत्ता, तोच १७२.१७.०.१. मायनेटवर्क्समध्ये, म्हणजे लॉगिनशिवाय मेल पाठवू द्यायच्या पत्त्यांच्या यादीत, कुणी सोयीसाठी १७२.१६.०.०/१२ लिहून ठेवलेलं असतं, आणि त्यात हा पत्ताही येतो. झालं, सगळं जग घरचं ठरलं! आयपीव्ही४ वरून तपासलं तर सगळं ठाकठीक दिसतं, म्हणून हे लवकर सापडत नाही.

मायनेटवर्क्समध्ये १२७.०.०.०/८ एवढंच ठेवा. वेबसाइट, प्रिंटर, जे कुणी मेल पाठवतं त्याला ५८७ पोर्टवर लॉगिन करायला लावा. कंटेनरला आयपीव्ही६ द्या, नाहीतर २५ पोर्ट फक्त आयपीव्ही४ वर उघडा. नुसती यादी छाटली तर रिले थांबेल, पण एसपीएफ तपासणी (मेल त्या डोमेनने मान्य केलेल्या पत्त्यावरून आला का, हे बघणं) गेटवेच्याच पत्त्यावर होत राहील.

चाचणी बाहेरच्या सर्व्हरवरून घ्या. त्याच मशीनवरून घेतलेली फुकट, कारण लोकलहोस्टला परवानगी असतेच; घरच्या ब्रॉडबँडवर २५ पोर्ट बऱ्याचदा बंद असतो. टेलनेट करून पाठवणारा आणि घेणारा दोन्ही परक्या डोमेनचे द्या. आरसीपीटी टू (घेणाऱ्याचा पत्ता देणारी कमांड) नंतर ५५४ किंवा ४५४ सोबत ‘रिले ॲक्सेस डिनाइड’ यायला हवं. २५० (म्हणजे मान्य) आलं तर भोक अजून आहे. आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६, दोन्हींवर वेगवेगळं तपासा.

आता रांगेतला स्पॅम पुसा, खरे मेल सोडा, आणि फॉर्ममध्ये काय बिघडलं होतं, कोणती ओळ बदलली ते नेमकं लिहा.