तात्यांचं 'बघू'

आमचा सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे. बारा माग. अण्णा आणि तात्या, म्हणजे माझे वडील आणि काका, दोघांनी मिळून उभा केलेला. हिशेब मी बघतो, विक्री तात्यांचा मुलगा. आमच्यात आवाज चढवून भांडण कधीच झालं नाही. म्हणूनच दुखतंय कुठे ते कळायला उशीर झाला.

एप्रिल २०२४ पासून आयकराचा एक नियम लागू झाला. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल मुदतीत भागवलं नाही, तर माल घेणाऱ्याला तो खर्च पैसे प्रत्यक्ष दिले त्याच वर्षी उत्पन्नातून वजा मिळतो. मुदत लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५. आमचे व्यापारी तीन-तीन महिन्यांनी पैसे देणारे. मला वाटलं, लॉटरीच लागली. उद्यम नोंदणीचा, म्हणजे लघु उद्योगाच्या सरकारी नोंदणीचा, नंबर टाकून सगळ्यांना पाठवायचं पत्र तयार केलं, सोबत आकड्यांची चार पानं. अण्णांनी पहिली ओळ वाचली. "पाठव." तात्यांनी सगळं वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, "बघू."

मी पाठवून मोकळा.

आठवड्याभरात एका जुन्या व्यापाऱ्याचा फोन थेट तात्यांना आला. तुम्हीपण नोटिसा काढायला लागलात का, म्हणून. पुढची ऑर्डर थांबली. तात्या मला एका शब्दाने बोलले नाहीत. फक्त दुपारचा डबा ऑफिसात खायचे, ते मागाजवळच्या स्टुलावर बसून खायला लागले.

त्याच सुमारास पुण्यात दोन दिवसांचं एक प्रशिक्षण केलं. माणसांच्या वागण्याचे चार प्रकार: पटकन निर्णय घेणारे, बोलके, शांत-सावकाश आणि काटेकोर. डिस्क म्हणतात त्याला, प्रत्येक प्रकाराला एक इंग्रजी अक्षर: डी, आय, एस, सी. मूळ कल्पना मार्स्टन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९२८ साली मांडलेली. वंडर वुमन हे पात्रही त्याचंच, त्यामुळे मी ते फार सोवळ्यात ठेवत नाही. घरी येऊन सगळ्यांना अक्षरं वाटली, तर बायको म्हणाली, "पत्रिका बघून आलास की काय?" आई म्हणाली, "भाऊजींच्या कानावर गोष्ट आदल्या दिवशी घालावी लागते. मी लग्न होऊन आल्यापासून तेच करतेय."

खरं टोचलं ते माझं स्वतःचं अक्षर. काटेकोर. मला पुरावे लागतात, म्हणून मी सगळ्यांना पुरावेच देत होतो. अण्णांनाही चार पानं, तात्यांनाही चार पानं. तात्यांच्या मुलाला तर व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ; त्याने ती उघडलीच नव्हती. त्याच्याशी गाडीत बोलावं लागतं, तेही त्याचं सगळं सांगून झाल्यावर.

पत्रांच्या दुसऱ्या खेपेला अण्णांना उभ्या उभ्या दोन वाक्यांत सांगितलं. तात्यांना शनिवारी संध्याकाळी नुसती गिऱ्हाइकांची यादी दिली. "सोमवारी बोलू," म्हणालो आणि गप्प बसलो. गप्प बसणं फार अवघड गेलं. रविवारी दोनदा त्यांच्या दारापर्यंत जाऊन परत आलो.

सोमवारी यादीवर पेन्सिलीच्या खुणा होत्या. चौदापैकी तीन नावं खोडलेली. एकाच्या मुलीचं लग्न तोंडावर होतं. दुसरा पैसे उशिरा देतो, पण पावसाळ्यात कुणी माल उचलत नाही तेव्हा हाच उचलतो. तिसरा तो फोनवाला. "त्याला पत्र नको, मी जाऊन येतो." यातलं काहीच माझ्या एक्सेलमध्ये नव्हतं.

अक्षरं दर वेळी जुळतात असंही नाही. दोन जुने माग विकायचा विषय निघाला, तेव्हा पटकन निर्णय घेणारे अण्णा ढिम्म. मी आपला तीनदा तेच दोन वाक्यांत सांगत राहिलो. मग कळलं, ते दोन माग त्यांनी आजोबांबरोबर बसवलेले होते. तो विषय अजून तसाच आहे.

परवा नव्या डिझाइनवरून तात्या पुन्हा "बघू" म्हणाले. मी विचारलं, "तात्या, बघू म्हणजे नाहीच ना?" ते हसले. "शुक्रवारी सांगतो."

शुक्रवारी नाही म्हणाले, कारणासकट. कारण मला पटलेलं नाही. वाद चालू आहे, पण डबा ते आता ऑफिसातच खातात.