आजीचं तोंड

काल दुपारी दाढ दाखवायला गेलो होतो. वेटिंगमधे समोर अमृता शेर-गिलच्या 'थ्री गर्ल्स'ची प्रिंट, उन्हानं पार विटलेली. दातांच्या दवाखान्यात हे चित्र लावायचं कुणाला सुचलं देव जाणे, पण चपखल आहे. तिघी शेजारी शेजारी बसल्यात, नजरा खाली, एकमेकींशी अवाक्षर नाही, जणू नंबर यायची वाट बघतायत. १९३५ साली काढलं तिनं हे, वय २२. दोन वर्षांनी बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक. आपण २२ व्या वर्षी काय करत होतो... जाऊ दे.

मूळ चित्र ऑइलमधलं. आणि ऑइल म्हटलं की मला आधी वास येतो, मामाच्या टर्पेंटाईनचा. आजीची लोणच्याची बरणी त्यानं त्यासाठी ढापली होती आणि आजीनं ते त्याला शेवटपर्यंत माफ केलं नाही.

एका मे महिन्यात त्यानं आजीचं पोर्ट्रेट काढायला घेतलं. हात रिकामे ठेवून बसायला मी काय पाहुणी आहे, म्हणून ती मांडीवर ताट घेऊन तांदूळ निवडत बसायची. नाक, चष्मा, पदर सगळं आठवड्यात झालं, ओठ मात्र होईनात. रोज रंगवायचा आणि संध्याकाळी चिंधीनं पुसून टाकायचा. ऑइलमधे ते चालतं, जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही, हवा खात खात सावकाश घट्ट होतं, त्यामुळे मन बदलायला वेळ मिळतो. मी वाळलंय का बघायला पदरावर बोट टेकवलं तर आख्खा ठसाच उठला. आता पाठीत धपाटा, म्हणून मी डोळे मिटून घेतले, पण मामा नुसतं "राहू दे" म्हणाला.

ठसा अजून आहे, आणि अखेर जमलेले ते ओठही. घट्ट मिटलेले, काहीतरी गिळल्यासारखे. आजीनं बघून विचारलं, "एवढी का मी कडू आहे?" सगळे हसले, मामा सोडून. आई परवा भांडी लावता लावता म्हणाली, अरे ते तोंड आजीचं नव्हेच, त्याचंच आहे, त्याच वर्षी त्याचं ठरलेलं लग्न मोडलं ना. मला हे चाळीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. त्यानंही नाही. आता विचारायला तो नाही.

तेवढ्यात माझा नंबर आला. डॉक्टर म्हणाले, कुठली दाढ? आणि खरं सांगतो, मला आठवेचना.