बिस्किट खातोय म्हणजे बरा आहे?

"अहो पण बिस्किट तर खातोय की," शेजारचे काका म्हणाले आणि डॉक्टरांनी काही न बोलता त्यांच्या कुत्र्याचा, मोत्याचा ओठ वर केला. हिरडी पांढरट. बोटाने दाबून सोडली तर रंग परत यायला २ सेकंदांपेक्षा जास्त लागले.

कानात गोचीड, ताप १०४, कुत्र्याचं नॉर्मल साधारण १०१ ते १०२.५ असतं. मग काकू हळूच बोलल्या, लघवी लालसर होतेय पण जेवत होता ना म्हणून थांबलो. गोचीड तापाची शंका आहे, रक्त तपासायला घेतलंय.

सोसायटीतलं कुणीतरी माणसाची पॅरासिटामॉल द्या म्हणत होतं, नशीब दिली नाही, कुत्र्याच्या लिव्हरची वाट लागू शकते त्याने.

आपल्याकडे माणूस काय कुत्रा काय, तब्येतीचं माप एकच, जेवला का?

तुमच्या कुत्र्याच्या हिरड्यांचा नेहमीचा रंग माहितीये तुम्हाला?