मामा, हात लावा की!

‘हात लावू नये’ ही पाटी नसलेलं चित्रप्रदर्शन सांगलीत पहिल्यांदाच पाहिलं. भाची चित्रकलेच्या शेवटच्या वर्षाला, म्हणून गेलो. नाहीतर रविवारची झोप मी कुणासाठी मोडत नाही.

भिंतभर हळदीत रंगवलेलं मांजरपाट. खाली एका वाटीत चुन्याची निवळी, दुसरीत लिंबाचा रस, आणि ब्रश. निवळीचा फटकारा मारला की पिवळ्यावर तांबडी रेघ उठते; लिंबू फिरवलं की परत पिवळं. माझी हयात यार्डात हळदीचे सौदे बघण्यात गेली, हळद-चुन्यातून कुंकू होतं हेही ठाऊक. पण हळदीशी असं खेळावं हे काही सुचलं नव्हतं! एका आजींनी झोकात स्वस्तिक काढलं, मागून एका पोरानं त्यावर लिंबू फिरवलं. मग जी जुंपली!

पलीकडे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची, पुराचं पाणी मोजायची पट्टी. जवळ जाल तसे सेन्सरनं निळे दिवे वर चढतात: ४० फूट इशारा, ४५ धोका, आणि २०१९ चे ५७. तिथं मात्र कुणाला हसू येत नव्हतं. “आमच्यात माळ्यापर्यंत,” एकजण म्हणाला.

प्रोजेक्टरचं काम डोक्यावरून गेलं.

भाचीनं अभिप्रायाची वही पुढं केली. लिहिलं, ‘काम झकास. पुढच्या खेपेला हळद आमच्याकडून न्या, ही भेसळीची वाटते.’