उधारीची वही

आज श्रीवर्धनला वादळग्रस्तांना मदतीची किट वाटत होतो, तर एका किराणावाल्या काकांनी दुकानाबाहेर उधारीची वही उन्हात वाळत घातलेली, एकेक पान सोडवून, उडू नये म्हणून वर तराजूची वजनं ठेवून. शाई पार पसरलेली.

मी किट पुढे केलं तर म्हणाले, "नको रे बाळा, हे सगळं आहे माझ्याकडे, माळ्यावरचं सुकं राहिलंय. पण आता घेणार कोण?"

खरं सांगतो, कसंतरीच झालं. तांदूळ, डाळ, मेणबत्त्या सगळं आम्ही पुण्याहून टेम्पो भरून आणलं. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात काकांचे पत्रे उडाले, वाडीतल्या पोफळी आडव्या झाल्या, नवीन लावल्या तरी सुपारी धरायला ५-६ वर्षं जाणार, म्हणजे तोवर घर चालणार ते या दुकानावरच. आणि त्याच्याच समोर आमचं फुकट वाटप!

पहिले काही दिवस बाहेरून आणावंच लागतं, रस्त्यांवर झाडं पडलेली, ते कळतं. पण आता? पुढच्या खेपेला ताडपत्र्या आणि पत्रे तेवढे न्यायचे, किराणा काकांकडूनच भरायचा, रोख देऊन.

तुमच्यापैकी कोण कोण तिकडे जाताय? तिथल्या दुकानात आधी विचारलंत का?