चँडलरचं घर

परवा गॅरेज आवरताना एक जुना रिमोट सापडला. ॲरिझोनात फिनिक्सजवळच्या चँडलर शहरातल्या आमच्या जुन्या घराच्या गॅरेजचा. चाव्या दिल्या होत्या, हा खोक्यात राहून गेला.

ते घर आम्ही जुलै २००६ मध्ये घेतलं. फिनिक्सचे भाव आभाळाला टेकले होते तो नेमका उन्हाळा. किंमत ३,१२,००० डॉलर. कर्ज २,८०,०००, साडेसहा टक्के, तीस वर्षं. जानेवारी २०१० मध्ये आमच्याच गल्लीतलं अगदी तसंच घर १,४५,००० ला गेलं. आमचं कर्ज अजून २,६८,००० बाकी.

दोघांच्याही नोकऱ्या शाबूत होत्या. एकही हप्ता चुकला नव्हता, आणि तिथंच घोडं अडलं. व्याज कमी कराल का म्हणून बँकेला फोन केला, तर पलीकडची बाई गोड आवाजात म्हणाली, तुमचं काही थकलेलं नाही, तुमची केस आमच्या विभागात येतच नाही. सरकारची हार्प योजना होती, घराची किंमत कर्जाच्या खाली गेली तरी कमी व्याजाचं नवं कर्ज मिळवून देणारी. तेव्हा त्यात कर्ज घराच्या किमतीच्या सव्वापटीपर्यंतच चालायचं. आमचं पावणेदोन पटीच्याही वर.

हिशेब बायकोने केला, किराण्याच्या यादीच्या मागे. हप्ता, टॅक्स, विमा आणि सोसायटीचे पैसे मिळून महिना २,१०० च्या वर. त्याच वस्तीत भाड्याचं घर १,२००. ॲरिझोनाच्या कायद्यात अडीच एकरांच्या आतलं राहतं घर घेण्यासाठी काढलेलं कर्ज बुडालं, तर बँकेने घर घ्यायचं आणि गप्प बसायचं. उरलेल्या रकमेसाठी आमच्या मागे लागता येत नाही. वकिलाने फी घेऊन हेच सांगितलं.

मार्चचा हप्ता भरला नाही. पैसे खात्यात होते. सोळा तारखेपासून फोन सुरू झाले.

मंडळात कुणीतरी म्हणालं, "आपण मराठी माणसं, कर्ज बुडवत नाही." मला तेव्हा राग आला होता. गहाणकर्ज देणाऱ्या बँकांच्या संघटनेने, मॉर्गेज बँकर्स असोसिएशनने, वॉशिंग्टनमधली स्वतःची इमारत महिनाभरापूर्वीच ४.१३ कोटी डॉलरना विकली होती. २००७ ची खरेदी ७.९ कोटींची, त्यावर साडेसात कोटींचं कर्ज. त्यांनी केला तो व्यवहार, आम्ही केली ती बुडवेगिरी!

बँकेचं मला कधीच वाईट वाटलं नाही. वाटलं ते शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्याचं. ते हप्ते भरत होते, आणि आमचं घर लिलावात गेलं की त्यांच्याही घराची किंमत खाली येणार होती. सोसायटीचे पैसे आम्ही शेवटपर्यंत भरले, अंगणातल्या खडीतलं तण दर शनिवारी उपटलं. आता वाटतं, ते त्यांना दिसावं म्हणूनच. जूनमध्ये बँकांकडून गृहकर्जं विकत घेणाऱ्या फॅनी मे या कंपनीने जाहीर केलं की ऐपत असून हप्ते थांबवणाऱ्यांना सात वर्षं त्यांच्या पाठबळाचं कर्ज मिळणार नाही. आमचा क्रेडिट स्कोअर तोवर ७८० वरून सहाशेच्या खाली घसरला होता.

डिसेंबरात लिलाव झाला. अण्णांना तोवर काही सांगितलं नव्हतं.

अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. शिक्षक सोसायटीच्या कर्जाला एका सहकाऱ्याला जामीन राहिले. तो नोकरी सोडून गेला आणि चार वर्षं त्याचे हप्ते अण्णांच्या पगारातून कापले गेले. त्या माणसाचं नाव आमच्या घरात कुणी घेत नाही. 'तो' म्हटलं की सगळ्यांना कळतं.

रविवारी फोनवर सगळं सांगितलं. कायदा, आकडे, वकील. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"जामीन कोण होतं?"

"कुणी नाही अण्णा. इथे लागत नाही."

"मग त्यांनी एवढे पैसे कुणाच्या भरवशावर दिले?"

मी म्हटलं, घराच्या.

त्यांनी फोन आईकडे दिला.